पावसातले हात

तासन्‌तास पावसात चालणाऱ्या माणसाचे सर्वांत आधी गारठतात ते हात. पाय चालून चालून ऊब धरतात, धडावर कपड्यांचे दोन-तीन थर असतात, डोक्यावर टोपी असते. हात मात्र उघडे लोंबत असतात आणि अंगावरून ओघळणारे बरेचसे पाणी बाहीच्या टोकाशी येऊन त्यांच्यावरच गळते. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्री चढणाऱ्यांना हे घाटमाथ्यावर कळते. पायथ्याच्या गावात घामाने अंग भिजलेले असते. हजार-बाराशे मीटरवर धुक्यातून आडवा पाऊस सुरू झाला की काही वेळाने बोटे आखडू लागतात. सॅकची चेन पकडीत येत नाही, डब्याचे झाकण फिरता फिरत नाही. हिमालयातल्या पाच-सात अंशांच्या पावसात तर बुटाची सुटलेली नाडी बांधायलाही सोबत्याला बोलवावे लागते.

हात गारठणे ही पावसाळी भटकंतीतली किरकोळ गैरसोय समजली जाते. पण बोटे चालेनाशी झाली की चालणाऱ्याने स्वतःला सांभाळण्यासाठी करायची सगळी कामे अडतात: कोरडा कपडा काढणे, रेनकोटचा गळा बंद करणे, खाऊची पुडी फोडणे, दोर किंवा कठडा धरणे, फोन लावणे. म्हणूनच पावसातल्या लांब चालीत हातांची काळजी पायांइतकीच घ्यायला हवी. हात कोरडे ठेवणे आणि हात उबदार ठेवणे ही मात्र दोन वेगळी कामे आहेत. संततधार पावसात पहिले फार वेळ जमत नाही. दुसरे समजून घेतले तर दिवसभर जमते.

हाताला ऊब कुठून येते

हात स्वतःपुरती उष्णता फारशी तयार करत नाही. बोटांमध्ये स्नायू जवळजवळ नसतातच. बोटे वाकवणारे आणि उघडणारे दणकट स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि तिथून कंडरांच्या दोऱ्यांनी बोटे ओढली जातात. म्हणजे बोटांना मिळणारी ऊब रक्ताबरोबर येते, ती धडातून निघून दंड, कोपर आणि मनगट पार करत. वाटेत दंड भिजलेला असेल, मनगट उघडे असेल, तर बोटांच्या टोकांपर्यंत पोचणारे रक्त आधीच थंडावलेले असते.

बोटांच्या टोकांत आणि तळहातात रक्ताचे खास आडमार्ग असतात. धमनीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्याला वळसा घालून थेट शिरेत नेणाऱ्या या छोट्या वाहिन्या आहेत. शरीर तापले की त्या उघडतात आणि तळहातांतून उष्णता बाहेर टाकली जाते; शरीर गार पडू लागले की त्या मिटतात. त्यामुळे बोटांतला रक्तप्रवाह परिस्थितीनुसार शंभरपटीपर्यंत कमी-जास्त होऊ शकतो. मेंदू, हृदय आणि पोटातले अवयव ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी शरीर सर्वांत आधी हातापायांचा पुरवठा आखडता घेते. बोटे गार पडतात ती या व्यवस्थेमुळे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. धड उबदार असेल तर साध्या हातमोज्यातही हात उबदार राहतात. धड गारठले असेल तर जाडजूड हातमोज्यातही बोटे थंडच राहतात, कारण हातमोजा ऊब तयार करत नाही, आलेली ऊब फक्त धरून ठेवतो. लंडनमध्ये काम करणारे वैद्यक संशोधक टॉमस लुईस यांनी १९३० मध्ये बोटे बर्फाळ पाण्यात बुडवून निरीक्षण केले. पाच-दहा मिनिटे मिटून राहिल्यावर बोटांतल्या रक्तवाहिन्या थोडा वेळ उघडतात, बोटे जरा गरम होतात, वाहिन्या पुन्हा मिटतात, आणि हे चक्र चालू राहते. बोटांना इजा होऊ नये म्हणून शरीराने केलेली ही तरतूद असावी. पण सगळे अंगच गारठले असेल तर ही उघडझाप मंदावते.

आरामात असताना हाताच्या त्वचेचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असते. बोटांची त्वचा १५ अंशांच्या आसपास उतरली की बारीक कामे बिघडतात: गाठ, बटण, काडेपेटी. आठ अंशांच्या खाली स्पर्शही समजेनासा होतो. हात दोर धरून आहे की सुटला, हे मग डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते.

पाणी ऊब कशी पळवते

स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कपडे उबदार वाटतात ते त्यांच्या धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. पावसाने त्या हवेची जागा घेतली की कापड अंगावर असूनही नसल्यासारखे होते.

दुसरी चोरी बाष्पीभवनाची. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. भिजलेल्या हातमोज्यांच्या जोडीत ५० ग्रॅम पाणी सहज मावते. ते सगळे हातांच्या उबेवर वाळवायचे म्हटले तर १२० किलोज्यूल खर्च होतात. शांत बसलेल्या माणसाचे सबंध शरीर साधारण वीस मिनिटांत जेवढी उष्णता तयार करते, तेवढी ही उष्णता आहे. म्हणून ओला हातमोजा हातावरच वाळू देण्यापेक्षा काढून, घट्ट पिळून पुन्हा घालणे केव्हाही फायद्याचे. पिळून काढलेल्या प्रत्येक ग्रॅमाची वाफ करण्याचे काम वाचते.

तिसरी चोरी वाऱ्याची. त्वचेलगत तयार झालेला उबदार हवेचा पातळ थर वारा सतत पुसून नेतो. पाऊस, वारा आणि थकवा एकत्र आले की तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही माणूस संकटात सापडतो. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या माळांवर 'फोर इन्स' ही सुमारे ७२ किलोमीटर चालण्याची स्पर्धा झाली. पाऊस आणि जोराच्या वाऱ्यात तिच्यातल्या तीन तरुणांचा गारठ्याने मृत्यू झाला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेलेले ग्रिफिथ प्यू यांनी या घटनेचा अभ्यास केला. भिजलेल्या आणि वाऱ्यात सापडलेल्या कपड्यांची ऊब राखण्याची क्षमता फार मोठ्या प्रमाणात घटते, आणि झपाझप चालत असेपर्यंत माणूस ही तूट स्नायूंच्या उष्णतेने भरून काढतो, हे त्यांनी दाखवले. थकून चाल मंदावली की ही भरपाई थांबते आणि शरीर झपाट्याने गार पडू लागते. पावसात चालणाऱ्या कुणालाही लागू पडणारा हा धडा आहे. दुपारी चारनंतर, पाय थकल्यावर, हात अचानक जास्त गार का पडतात, याचे उत्तर त्यात आहे.

सह्याद्रीतला पाऊस एवढा थंड नसतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत पारा बहुतेक १६ ते २० अंशांमध्ये असतो. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर साधारण तसाच गारवा, वर उघडा वारा. या तापमानात बोटे आखडतात, पण इजा होण्याइतकी थंडी सहसा नसते. हिमालयात पावसाळ्यात चालण्याचे गणित निराळे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या साडेतीन हजार मीटरच्या परिसरात किंवा ४,२७० मीटरच्या हमटा खिंडीत पाऊस पाच-सात अंशांचा असतो आणि कधीही बर्फाच्या भुरभुरीत बदलतो. सह्याद्रीची सवय असलेल्या माणसाची हातांबाबतची तयारी कमी पडते ती इथे.

सुरकुतलेली बोटे

बराच वेळ ओल्या राहिलेल्या बोटांवर सुरकुत्या पडतात. त्वचा पाणी शोषून फुगते म्हणून त्या पडतात, असा समज दीर्घकाळ होता. पण बोटाची नस तुटलेली असेल तर त्या बोटावर सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांच्या १९३० च्या दशकातच लक्षात आले होते. मज्जासंस्थेच्या आज्ञेने बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतला मांसल भाग किंचित आक्रसतो आणि वरची कातडी दुमडते. टायरच्या नक्षीप्रमाणे या घड्या पाणी बाजूला सारतात, अशी एक मांडणी आहे. २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांना सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या वस्तू अधिक लवकर हलवता येतात असे आढळले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत मात्र हा फरक दिसला नाही.

पकडीला फायदा होवो न होवो, सुरकुतलेली कातडी मऊ आणि कमकुवत झालेली असते. सह्याद्रीतल्या कातळवाटांवर हे लगेच जाणवते. नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हाताच्या पकडीसाठी खोबण्या कोरलेल्या आहेत. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी धावत असते आणि खोबणीत बोटे घातली की आत साचलेले गार पाणी आणि वाळूचे कण हाताला लागतात. पन्नासेक खोबण्यांनंतर बोटांची पेरे सोलवटतात. कोरड्या दिवसात याच खोबण्या हाताला काहीही करत नाहीत. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर असे सुमारे २५० किलोमीटर चालताना थंडीचा प्रश्न फारसा नसतो, पण भिजून मऊ झालेल्या हाताला टाळाची दोरी आणि पताकेचा दांडा काचतो, तो याच कारणाने.

घोंगडी आणि इरले

रेनकोट येण्याआधी महाराष्ट्रातला पाऊस दोन गोष्टींनी अडवला. एक धनगरांची घोंगडी आणि दुसरे भातशेतीतले इरले. हातांच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हींचा विचार वेगळा आहे.

घोंगडी दख्खनी मेंढ्यांच्या राठ लोकरीची. सनगर विणकर ताण्याला चिंचोक्यांची खळ लावून ती विणतात. तिची एक बाजू दुमडून खोळ केली की ती डोक्यावरून पाठीवर उतरते आणि दोन्ही कडा छातीशी आतून धरल्या जातात. इथेच तिचे मोठेपण आहे: हात घोंगडीच्या आत असतात. काठी धरलेला एक हात गरजेपुरता बाहेर येतो, गारठला की आत जातो, दुसरा बाहेर येतो. हातांना वेगळे पांघरूण लागत नाही. धडाची ऊबच त्यांना मिळते. बाह्या असलेल्या रेनकोटाने धड अधिक चांगले झाकले, पण हात मात्र कायमचे पावसात ठेवले.

लोकरीचे गुणही इथे उपयोगी पडतात. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओल धाग्याच्या आत सामावून घेते. सुताचे हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिएस्टरचे अर्ध्या टक्क्याहून कमी. ओल शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते. तिच्या धाग्यांना नैसर्गिक कुरळेपणा असल्याने ते भिजले तरी एकमेकांना चिकटून सपाट होत नाहीत आणि मधली हवा बरीचशी टिकते. सुती कापड भिजले की त्वचेला चिकटते. लोकरीचा तोटा वजनाचा: चिंब घोंगडी फार जड होते आणि वाळायला दिवस घेते.

इरले बांबूच्या कामट्यांचे, पळसासारख्या रुंद पानांनी शाकारलेले. आता बहुतेक ठिकाणी पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आहे. ते डोक्यावरून कमरेखालपर्यंत पाठ झाकते आणि दोन्ही हात मोकळे सोडते, कारण आवणीत हात चिखलातच असायचे असतात. खाचरातले पाणी कोकणात आणि मावळात कोमटसर असते, वाकलेल्या अंगाखाली वारा पोचत नाही, आणि हात सतत चालत असतात. त्यामुळे रोपे लावताना हात फारसे गारठत नाहीत. गारठतात ते बांधावर उभे राहिल्यावर. पाठ कोरडी, धड उबदार आणि हात कामात, एवढ्यावर अख्खा दिवस निघतो.

हातमोज्यांची निवड

पावसासाठी विकत मिळणारे हातमोजे चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पहिला प्रकार लोकरी किंवा फ्लीसच्या पातळ मोज्यांचा. ते पाणी अडवत नाहीत, पण भिजल्यावरही काही ऊब राखतात आणि पिळून पुन्हा घालता येतात. थंड समुद्रात काम करणाऱ्या कोळ्यांनी या गुणाचा पुरेपूर वापर केला. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन किनाऱ्यावर कोळ्यांसाठी मुद्दाम मोठे मोजे विणत, ते आटवून घट्ट करत, आणि कोळी ते समुद्राच्या पाण्यात बुडवून, पिळून मगच हातात घालत. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन डोंगरांच्या नावाने ओळखले जाणारे आटवलेल्या लोकरीचे मोजे गिर्यारोहकांनी वर्षानुवर्षे वापरले. आटवलेल्या लोकरीची वीण इतकी दाट होते की वारा आत शिरत नाही आणि पाणी सावकाश मुरते.

दुसरा प्रकार पूर्ण जलरोधक रबर किंवा प्लास्टिकचा. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालण्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे. बाहेरचे पाणी आत येत नाही आणि आतला घामही बाहेर जात नाही. शरीरावर घर्मग्रंथी सर्वांत दाट असतात त्या तळहात-तळपायांवर, त्यामुळे चढावर हा मोजा आतून ओला होतो. तरीही थंड पावसात तो वाईट नाही. आतली ओल अंगच्याच उबेची असते. वारा आणि ताजे गार पाणी अडल्याने ती ऊब टिकते. भांडी घासण्यासाठी मिळणारा, एक माप मोठा रबरी मोजा आणि त्याच्या आत पातळ लोकरी मोजा, ही सर्वांत स्वस्त आणि भरवशाची जोडी आहे. फाटला तर बदलता येतो, पिळता येतो, खिशात मावतो.

तिसरा प्रकार श्वास घेणाऱ्या पडद्याचा. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉनचा पदार्थ झटक्याने ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, वाफ जाते. पण वाफ बाहेर जाण्यासाठी आत-बाहेरच्या वाफेच्या दाबात फरक लागतो. ३३ अंशांच्या ओल्या त्वचेजवळ हा दाब साधारण ५ किलोपास्कल असतो. पाच अंशांच्या पावसात बाहेरचा दाब एका किलोपास्कलहून कमी असतो, म्हणजे फरक चार किलोपास्कलच्या वर. कोकणच्या २५ अंशांच्या दमट हवेत बाहेरचाच दाब तीनच्या पुढे असतो. उरतो दोनपेक्षाही कमी फरक. हिमालयात किंवा युरोपात उत्तम चालणारा महागडा हातमोजा सह्याद्रीच्या पायथ्याशी घामाने भरतो, तो निर्मितीतल्या दोषामुळेच असे नाही. शिवाय मोज्याच्या बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड पाणी पिते, वर पाण्याचा थर बसतो आणि वाफेची वाट बंद होते. बोटांमधल्या शिवणी हे आणखी एक दुबळे ठिकाण.

चौथा प्रकार निओप्रीनचा, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या रबरी फोमचा. या फोममध्ये हवेचे बंद बुडबुडे असतात, ते भिजत नाहीत. हात ओला होतो पण गार पडत नाही. दोर, शिडी, काठी धरताना पकडही चांगली मिळते. ओढे पार करणाऱ्या, कातळावर हात टेकवणाऱ्या वाटांना हा प्रकार सोयीचा.

मोज्याचा आकारही महत्त्वाचा. चारही बोटे एकाच कप्प्यात आणि अंगठा वेगळा असा बिनबोटी मोजा पाच बोटांच्या मोज्यापेक्षा नेहमीच उबदार असतो. वेगवेगळ्या बोटांना चहूबाजूंनी थंडी लागते. एकत्र असलेली बोटे एकमेकांना ऊब देतात. मोजा घट्टही नको. घट्ट मोजा आतली हवा घालवतो आणि रक्तप्रवाह अडवतो. त्यामुळे लांब चालीसाठी सर्वांत चांगली रचना दोन थरांची ठरते: आत बोटांचा पातळ लोकरी मोजा, बाहेर सैल बिनबोटी जलरोधक खोळ. बारीक काम आले की खोळ काढायची, बोटे तरीही उघडी पडत नाहीत.

मनगट आणि बाही

मोजा कितीही चांगला असला तरी पाणी शिरते ते मनगटातून. इथे नियम एकच आहे आणि तो हात वर आहे की खाली यावर ठरतो. सपाट वाटेवर हात खाली लोंबतात, पाणी दंडावरून बोटांकडे वाहते. तेव्हा मोज्याचे तोंड बाहीच्या आत हवे, म्हणजे पाणी मोज्यावरून ओघळून जाते. शिडी चढताना, कातळावर किंवा छत्री धरताना हात वर जातो, पाणी बोटांकडून कोपराकडे येते. तेव्हा बाही मोज्याच्या आत हवी. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर अनेकांची बाही काखेपर्यंत भिजते ती हा बदल न केल्याने.

मनगटावर शिरा त्वचेच्या अगदी जवळ असतात आणि तिथे चरबीचा थर पातळ असतो. लोकरी पट्टी, जुन्या मोज्याचा कापलेला वरचा भाग किंवा अंगठ्याला भोक असलेली लांब बाही मनगटावर ओढली तरी बोटांना फरक जाणवतो. बोटे हलवणारे स्नायू तिथेच असल्याने कोपराखालचा भाग कोरडा ठेवणे म्हणजे बोटांच्या स्नायूंना कामाला ठेवणे.

घट्ट घड्याळ, अंगठी, बांगड्या निघण्याआधी काढून ठेवलेल्या बऱ्या. लांब चालीत हात सुजतात आणि सुजलेल्या बोटात अंगठी रुतते. सॅकचे पट्टे खांद्याशी आवळले तरी बोटांना झिणझिण्या येतात. वजन कमरेच्या पट्ट्यावर घेतले की त्या जातात.

वाटेवर

पहिला उपाय पाऊस येण्याआधी करायचा असतो. रेनकोट आणि टोपी भिजण्याआधी चढवली तर धडाची ऊब शिल्लक राहते. भिजल्यावर चढवली तर आधी गेलेली ऊब भरून काढण्यात तास जातो. खाणेही वेळेवर हवे. चाल टिकली तर उष्णता टिकते आणि चाल टिकते ती शेंगदाणे-गूळ, चिक्की, दशमीसारखे खाणे थोड्या थोड्या वेळाने पोटात गेल्याने. हे खाणे मोजे न काढता हाती येईल अशा खिशात असावे.

छत्री वारा नसताना फार चांगली. ती हात, मनगट आणि बाही सगळेच झाकते. उघड्या सड्यावर किंवा धारेवर ती निरुपयोगी ठरते आणि दोन हात गुंतवून ठेवते. काठी बांबूची किंवा लाकडाची असेल तर हाताची ऊब तिच्यात झिरपत नाही. ॲल्युमिनियम उष्णता लाकडापेक्षा शेकडो पटींनी वेगाने वाहून नेते, म्हणून धातूच्या काठीला कॉर्कची किंवा फोमची मूठ हवी. लोखंडी शिडी आणि साखळ्यांना पातळ का होईना, पण मोज्यानेच हात लावावा.

हातमोज्यांच्या दोन जोड्या न्याव्यात आणि त्यांची कामे वेगळी ठेवावीत. एक जोडी भिजण्यासाठी. दुसरी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घट्ट बांधलेली. ती मुक्कामी पोचेपर्यंत किंवा खरोखर अडचण येईपर्यंत उघडायची नाही. थांबा घेतला की भिजलेली जोडी पिळून, शर्टाच्या आत पोटाशी ठेवावी. लोखंडाच्या भुकटीच्या गरम पुड्या हवेतल्या प्राणवायूने तापतात. त्या भिजल्या की विझतात, म्हणून त्या कोरड्या मोज्यातच वापरायच्या.

हात कसे आहेत हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. अंगठा करंगळीच्या टोकाला लावून पाहायचा. तो सहज पोचत नसेल तर पुढे न चालता लगेच हातांकडे पाहायची वेळ आली आहे. त्याबरोबर अंगाला कापरे, अडखळती चाल, तोतरे बोलणे दिसले तर प्रश्न हातांपुरता उरलेला नाही. सगळे शरीर गारठले आहे आणि आडोसा, कोरडे कपडे, गरम गोड पेय यांची तातडी आहे.

गारठलेले हात पुन्हा उबदार करताना

हात स्वतःच्या काखेत घालणे हा सर्वांत सोपा आणि सुरक्षित उपाय. काखेत रक्त जवळून वाहते आणि वारा पोचत नाही. हात खांद्यापासून गोल फिरवले की रक्त बोटांच्या टोकांकडे ढकलले जाते. वीस-तीस फेऱ्यांत टोकांना चुणचुण जाणवू लागते. चहाचा गरम पेला दोन्ही तळव्यांत धरणे उपयोगी आहेच, आणि पोटात गेलेला चहा धडालाही मदत करतो.

बधिर हात थेट शेकोटीवर किंवा चुलीजवळ धरू नयेत. चटका बसल्याचे कळत नाही आणि कातडी भाजते. मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी झालेल्यांना हा धोका अधिक. भिजून मऊ झालेली कातडी जोराने चोळू नये, ती सोलते. तंबाखू आणि सिगारेटमधल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. दारूने त्वचेतल्या वाहिन्या उघडतात आणि गरम वाटता वाटता धडाची ऊब निघून जाते. पावसाळी वाटेवर दोन्ही घातक.

काहींची बोटे इतरांपेक्षा फार लवकर पांढरी, मग निळी आणि ऊब मिळाल्यावर लाल होतात. फ्रेंच डॉक्टर मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये वर्णन केल्याने हा त्रास त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. अशांनी थंडी वाजण्याची वाट न पाहता चाल सुरू होतानाच मोजे घालावेत आणि त्रास नेहमीचा असेल तर डॉक्टरांना दाखवावे. शून्य ते १५ अंशांच्या ओल्या थंडीत हात-पाय तासन्‌तास राहिले तर न गोठताही नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या पायांना झालेली इजा हीच. उबेत आल्यावरही बधिरपणा किंवा ठणका राहिला तर तो अंगावर काढू नये.

घरी परतल्यावर

चाल संपली तरी ओल्या हातांचे काम संपत नाही. साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा कोरड्या पुसाव्यात. ओल राहिली की नखाच्या कडेला नखुरडे होते. पावसाळ्यात साचलेल्या, चिखलाच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू खरचटलेल्या किंवा भिजून मऊ झालेल्या कातडीतून शरीरात जातात. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना हा आजार चांगलाच माहीत आहे. हातावर जखम असेल तर ती मोज्याखाली झाकलेली असावी, आणि चालीनंतरच्या दिवसांत ताप व अंगदुखी आली तर पाण्यात हात घातल्याचे डॉक्टरांना सांगावे.

पुन्हा पुन्हा भिजून वाळलेल्या कातडीतले तेल जाते आणि ती तडकते. कोकणात यावर कोकमाच्या बियांचे घट्ट तेल लावतात. मुठीत वळून त्याचे गोळे करतात म्हणून त्याला मुठेल म्हणतात. गोव्यात ते भिरंडेल. गोळा किंचित गरम करून, हात अजून दमट असतानाच भेगांवर लावला की ओल आत कोंडली जाते आणि भेग भरते. मोजे साध्या पाण्यात खळबळून, उलटे करून, सावलीत वाऱ्यावर वाळवावेत. रबर उन्हात तडकते, लोकर चुलीजवळ आटते, आणि आतून ओलसर राहिलेल्या मोज्यात बुरशी धरते. वाळलेली जोडी पिशवीत बांधून सॅकच्या वरच्या कप्प्यात गेली की पुढच्या पावसाची हातांची तयारी झाली.